होडीच्या बुडावरील जिवंत साय

श्रीवर्धन-हरिहरेश्वराकडे जातांना वाटेंत म्हसळा हें गांव लागतें. आपणांपैकीं पुष्कळांनीं तें पाहिलें असेल. परंतु मोटार तेथें क्षणभर थांबते व पुढें निघते, त्यामुळें या गांवाला खाडी आहे हें कित्येकांच्या ध्यानांतहि येत नाहीं. रायगड जिल्ह्यांतील हें तालुक्याचें ठिकाण उघड्या समुद्रावर वसलेलें नाहीं. जंजिऱ्याच्या किल्ल्यापाशीं राजपुरीची खाडी जमिनींत शिरते. तिच्या एका फांट्याच्या टोकाशीं हें गांव आहे. १९४८ सालीं जंजिरा संस्थान विलीन झालें, तोंपर्यंत म्हसळा हा त्या संस्थानाचाच एक भाग होता. खाडीचें पाणी ना धड खारें, ना धड गोडें. दिवसांतून दोनदां भरती येते, दोनदां ओहोटी होते, आणि कांठच्या तिवरांच्या मुळ्या चिखलांतून डोकीं वर काढून उभ्या असतात.

एका वर्षीं मे महिन्याच्या अखेरीस मी त्या खाडीकांठीं उभा होतों. पावसाळा तोंडावर आला होता आणि होड्या कांठावर ओढून शाकारून ठेवण्याची घाई चालली होती. एक वयस्क नाखवा आपली होडी कलती करून तिचें बूड खरवडीत होता. फळ्यांना चिकटलेलीं शिंपलीं व पांढरीं टोकदार कवचें त्यानें केव्हांच काढून टाकलीं होतीं. तरी त्याचें काम संपलें नव्हतें. हिरवट-तपकिरी रंगाचा एक बुळबुळीत थर फळ्यांवर उरला होता, आणि काथ्याच्या बोळ्यानें घांसघांसून तो तें बूड साफ करीत होता. मीं विचारलें, ‘नाखवा, शिंपलीं तर गेलीं, आतां एवढ्याशा बुळबुळीसाठीं इतकी मेहनत कशाला?’ तो हंसला आणि म्हणाला, ‘साहेब, शिंपली मागाहून येते. आधी ही बुळबुळ येते. ही ठेवली, तर शिंपलीला आवतण दिल्यासारखंच आहे.’

त्या नाखव्यानें दोन शब्दांत जें सांगितलें, तें प्रयोगांनीं पडताळून पाहावयास शास्त्रज्ञांना पुष्कळ वर्षें खर्चावीं लागलीं. ही बुळबुळ कोण निर्माण करतें, कशासाठीं करतें, आणि तिच्या पोटांत काय सांठवून ठेवलेलें असतें, हें मी आज आपणांस सांगणार आहें. या कथेचा शेवट होडीपाशीं होत नाहीं. तो आपल्या घरांतील औषधांच्या कपाटापाशीं येऊन पोंचतो, एवढें आरंभींच सांगून ठेवतों.

समुद्राचें पाणी आपणांस स्वच्छ दिसलें, तरी तें ओसाड नसतें. एका मिलिलिटरांत, म्हणजे सुमारें वीस थेंबांत, साधारणतः दहा लक्ष सूक्ष्मजंतु असतात. एकेकाची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. खाणारीं तोंडें अशीं अगणित, पण अन्न मात्र अत्यंत विरळ. उघड्या समुद्राच्या एका लिटर पाण्यांत विरघळलेला सेंद्रिय कार्बन जेमतेम एक मिलिग्रॅम भरतो. खाडींत हें प्रमाण अधिक असतें. तरीहि एकट्यानें पोहणारा जंतु हा बहुधा उपाशी वाटसरूच असतो.

अशा पाण्यांत एखादी घन वस्तु बुडाली, मग ती होडीची फळी असो, दगड असो कीं कांचेचा तुकडा असो, तर कांहीं मिनिटांतच पाण्यांतील सेंद्रिय द्रव्यांचे कण तिच्यावर येऊन बसूं लागतात. जणूं कोणीं पत्रावळ मांडून ठेवावी तसें होतें. अमेरिकेंत स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेंतील क्लॉड झोबेल यांनीं १९३५ च्या सुमारास कांचेच्या पट्ट्या समुद्रांत बुडवून त्यांवर प्रथम जंतूंची वस्ती कशी होते हें दाखविलें. १९४३ सालीं त्यांनीं आणखी एक लक्षणीय गोष्ट मांडली. समुद्राचें पाणी बाटलींत भरून ठेवलें तर त्यांतील जंतु वाढतात. आणि बाटली जितकी लहान, म्हणजे पाण्याच्या मानानें कांचेचा पृष्ठभाग जितका अधिक, तितकी ही वाढ अधिक होते. पाणी तेंच, अन्न तेंच. फरक एवढाच कीं जंतूला टेंकावयास जागा मिळाली.

ही टेंकण्याची क्रिया एकदम होत नाहीं. प्रथम जंतु येऊन केवळ स्पर्श करतो. जागा मानवली नाहीं तर तो पुन्हां पाण्यांत निघून जातो. मानवली, तर तो आपल्या अंगांतून एक चिकट द्रव्य बाहेर टाकतो. शर्करेच्या जातीचीं द्रव्यें, प्रथिनें, इतकेंच नव्हे तर मेलेल्या भाऊबंदांच्या शरीरांतील आनुवंशिक द्रव्याचे धागे, या सर्वांचा मिळून हा चिखल होतो. त्यानें आपण घरें सारवावीं तशी सारवण होते. एकाचे दोन, दोहोंचे चार होतात; दुसऱ्या जातीचे जंतु येऊन शेजार करतात; मधून पाणी वाहण्यास वाटा राहतात. कांहीं जंतु विशिष्ट रासायनिक द्रव्यें सोडून आपण किती जण जमलों आहों याचा अंदाजहि घेतात. हा प्रकार १९७० सालीं समुद्रांतील एका प्रकाश देणाऱ्या जंतूमध्यें प्रथम उजेडांत आला. प्रकाश देणाऱ्या जंतूंनीं शास्त्रावरहि प्रकाश पाडला, असें म्हणावयास हरकत नाहीं!

कांहीं तासांत जंतु, कांहीं दिवसांत सूक्ष्म शैवालें, आणि कांहीं आठवड्यांत शिंपलीं व कवचधारी प्राण्यांचीं पिलें, असा हा सामान्य क्रम आहे. १९६६ सालीं स्थापन झालेल्या व गोव्यांत दोनापावला येथें असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीं धातु, कांच व फायबरग्लास यांच्या पट्ट्या तेथील पाण्यांत टांगून या थरांचा वर्षानुवर्षें अभ्यास केला आहे. आपल्या आरमाराच्या दृष्टीनें हा केवळ कुतूहलाचा विषय नाहीं. बूड खरबरीत झालें कीं जहाजास पाणी अधिक अडवितें, व तेवढ्याच वेगासाठीं इंधन अधिक जळतें.

शास्त्रज्ञ या थराला बायोफिल्म म्हणतात. आपण त्याला जिवंत साय म्हणूं. कारण दुधावरची साय जशी पातळ दिसली तरी दुधाचें सत्त्व धरून असते, तशीच ही आहे. ही साय पाहावयास म्हसळ्यासच जावें लागतें असें नाहीं. न घांसलेल्या माठाच्या आंतल्या अंगाला, मोरीच्या कोपऱ्यांत, आणि क्षमा करा, सकाळीं आपल्या दांतांवर ती असतेच. हॉलंडमधील लेव्हेनहूक यानें १६८३ सालीं स्वतःच्या दांतांवरील पांढरें किटण भिंगाखालीं पाहिलें, तेव्हां त्यांत वळवळणारे जीव पाहून तो थक्क झाला होता.

येथवर वस्तीची हकीकत झाली. आतां त्या वस्तींतील ठेवीकडे वळूं.

प्रत्येक जंतूजवळ आनुवंशिक द्रव्याचा, म्हणजे डी. एन. ए. चा, एक लांब धागा असतो. त्याचें सारें जीवन त्या धाग्यावर लिहिलेलें असतें. याखेरीज पुष्कळ जंतूंजवळ त्याच द्रव्याचीं लहान लहान कडींहि असतात. १९५२ सालीं जोशुआ लेडरबर्ग यांनीं अशा सुट्या द्रव्यास ‘प्लास्मिड’ हें नांव सुचविलें. लांब धागा ही घरची पोथी मानली, तर प्लास्मिड म्हणजे त्या पोथींत घातलेलें सुटें पान. पोथीवांचून संसार चालत नाहीं. सुटें पान नसलें तरी एरवीं कांहीं अडत नाहीं. परंतु अशा पानावर कधीं कधीं संकटसमयीं जीव वांचविणारा तोडगा लिहिलेला असतो. पाऱ्याचें विष कसें उतरवावें, खनिज तेल कसें पचवावें, अमुक एक औषध कसें निष्प्रभ करावें, असे ते तोडगे. आणि नवल असें कीं, एक जंतु या पानाची नक्कल दुसऱ्यास देऊं शकतो. अंगावरील केसासारख्या एका सूक्ष्म तंतूनें तो शेजाऱ्याला गांठतो, जवळ घेतो आणि नक्कल त्याच्या पोटांत सोडतो. घेणारा परक्या जातीचा असला तरी पुष्कळदां चालतें.

मग सर्वच जंतु अशीं पानें कां बाळगीत नाहींत? कारण ओझें कोणासहि फुकट वाहतां येत नाहीं. दर वेळीं दुभंगतांना पानाचीहि नक्कल करावी लागते, त्यास अन्न व वेळ खर्ची पडतो. आपण एक साधा हिशेब मांडूं. समजा, पान नसलेला जंतु शंभर वेळां दुभंगतो तेवढ्या अवधींत पान बाळगणारा नव्वद वेळांच दुभंगतो. फरक अवघ्या दहा दुभंगांचा दिसतो. पण प्रत्येक दुभंगास संख्या दुप्पट होते, म्हणून आरंभीं समसमान असलेल्या या दोन कुळांत अखेरीस १०२४ पटींचा फरक पडतो. शिवाय दुभंगतांना एखाद्या पोराच्या वांट्यास पान येतच नाहीं, तो निराळाच. म्हणजे हेलकावणाऱ्या मोकळ्या पाण्यांत, संकट नसेल तेव्हां, प्लास्मिड हळूहळू नाहींसें व्हावें हेंच स्वाभाविक.

आणि येथेंच ती साय आड येते. माझ्या आजच्या भाषणाचा गाभा हाच आहे. वाटसरू ज्या ओझ्याला कंटाळून टाकून देतो, तें गृहस्थ माळ्यावर ठेवून देतो. सायीच्या आंतल्या थरांत अन्न व प्राणवायु कमी पोंचतात, म्हणून तेथील जंतु क्वचितच दुभंगतात. शंभर दुभंगांचा आपला हिशेब तेथें दोन-चार दुभंगांवरच थांबतो. मग हलक्या कुळाला पुढें जाण्यास अवसरच मिळत नाहीं. शर्यतच नसेल तर ओझेंवाला हरणार कसा? दुसरें असें कीं, सायींत प्रत्येकाला आपली जागा असते. पाण्यांत सारे एकमेकांत ढवळले जातात आणि वेगवान कुळ सर्वांचा घांस घेतें. सायींत मात्र एका कोपऱ्यांतील कुळ दुसऱ्या कोपऱ्यांतील कुळाला सहसा हुसकून लावूं शकत नाहीं. तिसरें, शेजार निश्चल असल्यामुळें पानाची नक्कल देण्याघेण्यास वेळ मिळतो. ही देवघेव मुख्यतः सायीच्या वरच्या व कडेच्या, सजीव हालचालीच्या भागांत चालते. खोल थरांतील उपाशी जंतूंना तितकी ताकदच नसते, हेंहि सांगितलें पाहिजे.

कित्येक प्लास्मिडें आपली सोय स्वतःहि पाहतात. त्यांच्यावर विष आणि उतारा या दोहोंचीहि कृति लिहिलेली असते. विष टिकाऊ, उतारा अल्पजीवी. जो पान टाकील त्याच्या अंगांत विष उरतें आणि नवा उतारा मिळत नाहीं; बिचारा तेथेंच खुंटतो. शिवाय २००१ सालीं पॅरिसच्या पाश्चर संस्थेंतील झां-मार्क गिगो यांनीं असें दाखविलें कीं, नक्कल देण्याकरितां जो तंतु प्लास्मिडामुळें उगवतो, तोच जंतूला पृष्ठभागास व शेजाऱ्यास चिकटण्यासहि मदत करतो. म्हणजे सायीमुळें प्लास्मिड टिकतें आणि प्लास्मिडामुळें साय वाढते! सासर-माहेर दोन्हीं सांभाळणाऱ्या लेकीप्रमाणें हें एकमेकांस धरून चाललेलें आहे. २०१७ सालीं अमेरिकेंतील आयडाहो विद्यापीठांत इव्हा टॉप व त्यांचे सहकारी यांनीं रुग्णालयांत उपद्रव देणाऱ्या एका जंतूवर प्रयोग केले. एकच प्लास्मिड ढवळलेल्या द्रवांत व सायींत ठेवून त्यांनीं तुलना केली. औषधाचा धाक काढून घेतल्यावरहि सायींत तें अधिक काळ टिकून राहिलें.

ही ठेव वाईटच असते असें मात्र नव्हे. समुद्रांतील कित्येक जंतु पाऱ्याचें विषारी रूप बदलून त्याची वाफ करून टाकतात. हा गुण पुष्कळदां प्लास्मिडावर लिहिलेला असतो, आणि गोव्याच्या संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं भारताच्या किनाऱ्यावर असे पारा सोसणारे जंतु शोधून काढले आहेत. ७ ऑगस्ट २०१० रोजीं मुंबई बंदराबाहेर ‘चित्रा’ व ‘खलिजिया’ या दोन जहाजांची टक्कर झाली, आणि सांडलेलें तेल रायगडच्या किनाऱ्यापर्यंत येऊन पोंचलें. अशा वेळीं मनुष्य वरवरचें तेल उपसतो. दगडांच्या फटींत व तिवरांच्या मुळांशीं उरलेलें तेल हळूहळू पचविण्याचें काम पुष्कळ अंशीं जंतूंचेंच. बंगालमध्यें जन्मलेले आनंदमोहन चक्रवर्ती यांनीं तेलाचे निरनिराळे घटक पचविणारीं कित्येक प्लास्मिडें एकाच जंतूंत एकत्र आणलीं होतीं. त्यांच्या त्या जंतूवर स्वामित्वाचा हक्क मिळूं शकतो कीं नाहीं, हा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, व १९८० सालीं पांच विरुद्ध चार मतांनीं त्यांच्या बाजूनें निकाल लागला.

पण ठेव ठेवणारा जसा असेल तशी ठेव. आपण पाण्यांत जें टाकतों, त्याला तोंड देणारें पान सायींत जपलें जातें. जहाजांच्या बुडांचाच दाखला घ्या. मुंबईच्या गोदींत वाडियांच्या कारागिरांनीं १८१७ सालीं बांधलेलें ‘ट्रिंकोमाली’ हें सागवानी जहाज आजहि इंग्लंडांत हार्टलपूल येथें पाहावयास मिळतें. अशा जहाजांच्या बुडास तांब्याचे पत्रे ठोकीत, कारण तांबें पुष्कळ जलचरांना विष आहे. पुढें कथिलाच्या एका संयुगाचे त्याहून जहाल रंग निघाले. त्यांनीं शिंपल्या-गोगलगाईंचा इतका घात केला कीं २००८ सालीं आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणें ते बंद करावे लागले. पण विष लावलेल्या बुडावरहि कांहीं जंतु वस्ती करतातच, आणि विष सोसण्याची विद्या कांहींच्या सुट्या पानांवर लिहिलेली आढळते. विष जिंकलें नाहीं. त्यानें फक्त विद्यार्थी निवडून काढले.

आतां मी आपल्या घरांतील कपाटापाशीं येतों. प्रतिजैविक औषधें, ज्यांना आपण ॲण्टिबायॉटिक म्हणतों, त्यांना न जुमानण्याची विद्याहि पुष्कळदां प्लास्मिडावर असते. २००८ सालीं स्वीडनमध्यें भारतांतून गेलेल्या एका रुग्णाच्या जंतूंत अत्यंत प्रभावी औषधांनाहि निकामी करणारा एक नवा गुण आढळला. तो प्लास्मिडावर होता. २०११ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत तोच गुण दिल्लीच्या सांचलेल्या पाण्यांत व नळाच्या कांहीं नमुन्यांतहि सांपडला. रोग्याच्या बिछान्यापाशीं आढळलेली विद्या गटारांतहि होती. गटार नदीस मिळतें, नदी खाडीस, आणि खाडींत ती जिवंत साय पसरलेली असते, जी घेतलेलें सहजासहजीं सोडीत नाहीं.

म्हणून दोन-तीन गोष्टी आपल्या हातीं आहेत, त्या सांगतों. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय प्रतिजैविक घेऊं नये. सर्दीपडशासाठीं तर तें मागूंहि नये, कारण त्या आजारांस बहुधा निराळेच विषाणु कारण असतात. २०१४ पासून कित्येक प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणें औषधविक्रेत्यांवर बंधनकारक झालें आहे. त्या नियमाला आपण अडचण न मानतां आधार मानावें. उरलेल्या गोळ्या मोरींत किंवा शौचकूपांत ओतूं नयेत. आणि आपल्या गांवच्या सांडपाण्याची व्यवस्था कशी आहे हा प्रश्न केवळ नगरपालिकेच्या कारकुनाचा नाहीं, तो आपल्या मुलांच्या आजारपणाचा आहे, हें ओळखावें.

आम्हां कोंकणांतल्या लोकांची अशी समजूत आहे कीं, समुद्र कोणाचें कांहीं ठेवून घेत नाहीं. आज ना उद्यां तें बाहेर टाकतोच. लांकूड-फाटा, जाळें, हरवलेली होडी यांच्याबाबत तें खरें असेल. परंतु जें डोळ्यांना दिसत नाहीं, तें तो ठेवून घेतो. तें दगडावर, मुळावर, होडीच्या बुडावर एका पातळ थरांत जपून ठेवतो, आणि त्याचा धनी केव्हां परत मागावयास येईल याची वाट पाहत बसत नाहीं. ज्याला हवें असेल त्या शेजाऱ्यास तो त्याची नक्कल देतो.

म्हसळ्याच्या त्या नाखव्यानें सूर्य मावळेपर्यंत होडी घांसली. मग हात धुऊन तो म्हणाला, ‘नारळी पुनवेला पाण्यात घातली की आठ दिवसांत बुळबुळ पुन्हा धरेल. धरू दे. पण जुन्या बुळबुळीवर नवी बसू द्यायची नाही.’ त्याला आपलें काम कधींच संपत नाहीं हें ठाऊक होतें, आणि म्हणूनच तो तें दर वर्षीं नीट करीत होता. आपल्या हातीं असलेलें काम याहून वेगळें नाहीं.